जाऊन यायच्या गोष्टी झाल्या, शिकायच्या राहिल्या

टर्नर_अंबड

नमस्कार मंडळी,

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी टर्नर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर काम करतो. वय ४९, राहायला सिडकोत. २००८ साली रात्रपाळीला एक मोठा शाफ्ट लागला होता, एका पीसला चाळीस मिनिटं. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर चढवला की चाळीस मिनिटं मशीनजवळ नुसतं थांबायचं. त्या वेळात मी कंपनीच्या डायरीच्या शेवटच्या पानावर 'मला करायचंय' असा मथळा घालून एक यादी लिहिली होती. सत्तावीस गोष्टी आहेत. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. आता ती पुण्याला इंजिनीअरिंगला गेली, तिचं कपाट आवरताना डायरी हाताला लागली. पानाला अजून कटिंग ऑईलचा वास येतो.

अकरा गोष्टींवर खूण केलेली आहे. हरिहरच्या पायऱ्या चढलो, साल्हेरवर मुक्काम केला, बारी गावातून रात्री निघून कळसूबाईवर सूर्योदय बघितला. नांदूर मध्यमेश्वरला थंडीत जाऊन चक्रवाक बघितले. आईला वणीच्या गडावर नेऊन आणलं, तेही यादीत होतं.

राहिलेल्यांत बासरी आहे. गोदाघाटाची जलरंगातली चित्रं आहेत. पांडवलेण्यातली अक्षरं स्वतः वाचायची, असं लिहिलंय. मोडी लिपी आहे. स्वतःच्या हाताने देव्हारा करायचा आहे. अशा सोळा.

दोन रात्री यादी समोर घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. झालेल्या सगळ्या एका दिवसात, फार तर दोन दिवसांत उरकणाऱ्या, म्हणजे जाऊन यायच्या. राहिलेल्या सगळ्या शिकायच्या. त्या दर आठवड्याला वेळ मागतात आणि माझा आठवडा माझा नसतो. एक आठवडा सात ते तीन, दुसरा तीन ते अकरा, तिसरा रात्रीचा. बासरीचा क्लास मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सातला. तीनातला एक आठवडा तर पूर्णच बुडतो आणि रात्रपाळीच्या आठवड्यात डोळे उघडे ठेवणंच कठीण. दोनदा फी भरली, दोनदा सोडलं. दुसऱ्या वेळी शिकवणारे सगळ्यांसमोर म्हणाले, "या वयात बोटांना वळण लागत नाही, तुम्ही ऐकायचा छंद ठेवा." ते फार लागलं मनाला. घरी येऊन बासरी उशीच्या खोळीत गुंडाळली, ती अजून तशीच आहे.

मोडीचं कारण वेगळं आहे. आमचं मूळ गाव दिंडोरी तालुक्यात. घरी पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात पणजोबांच्या वेळचे कागद आहेत, सगळे मोडीत. वडील ८१ वर्षांचे आहेत. दर पोळ्याला ते ट्रंक उघडतात, कागद उन्हाला दाखवतात आणि परत ठेवतात. त्यांना वाचता येत नाहीत. मला येत नाहीत. गावात आता कोणालाच येत नाहीत.

माझे प्रश्न दोन. शिफ्टमध्ये काम करून कोणी काही शिकलं असेल तर ते कसं जमवलं? आणि सोळातल्या काही गोष्टींवर काट मारावी का? काट मारायला हात धजत नाही, पण सगळं उराशी धरून एकही होत नाही हेही दिसतंय.

---

गोधडी_ताई

दादा, मी स्टाफ नर्स आहे, बावीस वर्षं तीन पाळ्यांत काढली. तुमचा प्रश्न वाचून आधी मनापासून बरं वाटलं, कारण हे दुखणं फक्त पाळीवाल्यांनाच कळतं.

मी गोधड्या शिवते. आईची जुनी लुगडी होती, त्यांपासून सुरुवात केली, आतापर्यंत चौदा झाल्या. त्याआधी कथ्थकचा क्लास लावला होता, तो तुमच्या बासरीसारखाच सुटला. मग माझ्या लक्षात आलं की अर्धवट सोडता येणारं काम कोणतं आणि न येणारं कोणतं, हे आधी बघायला हवं. गोधडीचा धावदोरा कुठेही थांबतो. सुई कापडात टोचायची, घडी घालायची, ड्यूटीला जायचं. आठ दिवसांनी घडी उघडली की सुई तिथेच असते, पुढचा टाका कुठे घालायचा ते हाताला माहीत असतं. तुमच्या यादीतलं मोडी असं आहे. देव्हाराही असाच आहे. बासरी तशी नाही, तिला रोज थोडं तरी लागतं.

दुसरं म्हणजे घड्याळाची वेळ ठरवू नका, ड्यूटीला जोडून ठरवा. 'संध्याकाळी सात' असं आपल्या आयुष्यात नसतंच. 'कामावरून आल्यावर चहा झाला की वीस मिनिटं' हे तिन्ही पाळ्यांत असतं, मग तो चहा दुपारी साडेतीनचा असो नाहीतर सकाळी साडेसातचा. रात्रपाळीच्या आठवड्यात मी नवीन काहीच हाती घेत नाही. जुनं तेवढं गिरवते. त्या आठवड्यात काही झालं नाही म्हणून मनाला लावून घ्यायचं नाही, हे मी स्वतःशी ठरवून टाकलंय.

आणि त्या शिकवणाऱ्यांचं बोलणं डोक्यातून काढा. मायक्रोमीटरवर रोज काम करणाऱ्या बोटांना वळण लागत नाही असं कोण म्हणेल?

---

मोकळा_वारा

मी थोडं वेगळं सांगतो. यादी फाडून टाका काका. बत्तीस वर्षांच्या माणसाने लिहिलेली यादी एकोणपन्नास वर्षांच्या माणसाने का वाहायची? आज मनाला काय ओढतंय ते एकच नव्या कागदावर लिहा. मी स्वतः असंच केलं आणि मोकळा झालो.

---

टर्नर_अंबड

ताई, 'चहा झाला की वीस मिनिटं' हे लगेच भिंतीवर लिहून ठेवलं.

मोकळा_वारा, तुमचं म्हणणं मी खरंच विचारात घेतलं, पण ते माझ्याकडून होणार नाही. त्या बत्तीस वर्षांच्या माणसाचा पगार तेव्हा साडेसहा हजार होता आणि रात्री दोन वाजता मशीनच्या उजेडात त्याला पांडवलेण्यातली अक्षरं वाचावीशी वाटली. त्याचा कागद मी फाडणार नाही.

---

बालबोध_बाई

मी निवृत्त शिक्षिका, पंचवटीत राहते. नोकरी संपल्यावर मोडी शिकले. तुमच्या ट्रंकेबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

सगळ्यात आधी, वडिलांना सांगा की कागद उन्हात ठेवू नका. उन्हाने कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवले तरी पुरे. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. घडीवर फाटायला आलेला कागद जबरदस्तीने उलगडू नका. सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. त्याआधी खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो घ्या. अभ्यास फोटोवरून करायचा, मूळ कागदाला हात लावायचा नाही.

आता वाचायचं कसं ते सांगते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं अशी पद्धत. लेखणी शक्यतो उचलायची नाही. म्हणून शब्द तोडलेले नसतात, एक संपून दुसरा कुठे सुरू झाला ते आपणच ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, इकार एकच, उकार एकच. वारंवार येणारे शब्द अर्धेच लिहून पुढे खूण करतात. नवा माणूस इथेच घाबरतो.

म्हणून तुम्ही पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरापासून सुरुवात करू नका. आधी आकडे शोधा. मोडीतले आकडे आपल्या देवनागरीसारखेच असतात, ते पहिल्या दिवशी वाचता येतील. जमिनीच्या कागदावर शके किंवा फसली सन (महसुलाचं जुनं वर्ष) बहुतेक वेळा असतो. शकात ७८ मिळवा, फसलीत ५९० मिळवा, इसवी सन निघेल, एखाद्या वर्षाचा फरक धरा. आकड्यांनंतर गावाचं नाव शोधा. 'मौजे', मग तुमचं गाव, मग 'तालुके दिंडोरी', 'जिल्हे नाशिक'. हे शब्द त्या कागदात असणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे, हाच तुमचा मोठा फायदा. एकट्या 'दिंडोरी'तून तुम्हाला द, ड आणि र मिळतात. 'नाशिक'मधून न, श, क. त्या सहा अक्षरांवर खुणा करत सगळा कागद धुंडाळा. ते झालं की 'बिन' शोधा. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. त्याच्या अलीकडे मुलाचं नाव, पलीकडे बापाचं. तुमच्या पूर्वजांची नावं तिथेच सापडतील.

मला विचाराल तर काट कशावरच मारू नका, पण मोडी सगळ्यांच्या पुढे घ्या. बाकीच्या गोष्टी तुमची वाट बघतील. वडील ८१ वर्षांचे आहेत.

अडेल तिथे फोटो इथे टाका. मी रोज रात्री नऊला बघते.

---

त्रिरश्मी

पांडवलेण्याबद्दल मी सांगतो, गेली सात-आठ वर्षं महिन्यातून एकदा तरी तिथे जातो.

दादा, तिथली सगळी अक्षरं वाचायची असं मनात धरलंत तर कधीच होणार नाही. चोवीस लेणी आहेत, लेख बरेच आहेत, काही झिजलेत. एक लेख धरा. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुरुवातच 'सिद्धं' या शब्दाने होते. पहिल्या दिवशी तेवढं एक ओळखून परत या.

हा लेख तुम्हाला का सुचवतोय तर त्यात हिशोब आहे. उषवदाताने भिक्खुसंघाला तीन हजार काहापण (त्या काळची नाणी) दिले, पण रोख हातात नाही दिले. गोवर्धनातल्या, म्हणजे आपल्या गंगापूर-गोवर्धनच्या, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. आता गुणाकार करा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक काहापण इकडचा तिकडे नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या ओळीखाली कितीतरी वेळ उभा होतो.

या लेखांची लिपी ब्राह्मी, ती मोडीपेक्षा सोपी आहे. अक्षरं सुटी आणि भूमितीतल्या आकारांसारखी. जुन्या ब्राह्मीत 'क' म्हणजे बेरजेचं चिन्ह. 'ठ' म्हणजे नुसतं वर्तुळ आणि 'थ' म्हणजे वर्तुळात मधोमध टिंब. आपल्या लेण्यांच्या काळापर्यंत वळणं थोडी बदलली, रेघांना बाक आला, पण मूळ तक्ता पाठ असला की ओळख पटते. सकाळी कलत्या उजेडात जा. कोरीव अक्षराच्या कडेला सावली पडते तेव्हाच ते नीट दिसतं.

---

टर्नर_अंबड

वर्तुळात मधोमध टिंब! अहो, हा तर सेंटर मारलेला जॉब झाला. हे अक्षर मी जन्मात विसरणार नाही.

बाई, या रविवारी गावी जातो आणि फोटो घेतो.

---

ओला_कागद

जलरंगांबद्दल कोणी काही बोललं नाही म्हणून लिहितो. मी घाटावर चित्रं काढतो, शक्यतो दर रविवारी.

तुमच्याकडे जुन्या ट्यूबा असतील आणि त्या आत दगड झाल्या असतील. टाकू नका. ब्लेडने ट्यूब उभी चिरा, आतली कांडी पॅलेटच्या खणात ठेवा, वर चार थेंब पाणी टाका आणि रात्रभर झाकून ठेवा. जलरंगात डिंक असतो, तो पाण्याने परत सुटतो. पैसे रंगांवर घालवू नका, कागदावर घाला. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या. पातळ कागद पाणी पडलं की फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि माणसाला वाटतं आपला हातच वाईट आहे. पहिली दोन वर्षं मला असंच वाटत होतं.

घाटाचा दगड काळा आहे म्हणून ट्यूबमधला काळा वापरू नका, तो मेलेला दिसतो. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन निळा मिसळा. उन्हाकडच्या पायरीला सिएना जास्त, सावलीकडच्या पायरीला निळा जास्त. दोन रंगांत अख्खा घाट होतो. ओल्या पायरीवर जी पांढरी चमक दिसते ती नंतर पांढऱ्या रंगाने काढता येत नाही, तिथे कागद कोराच सोडायचा. काय सोडायचं ते आधी पेन्सिलने ठरवा, मग पाणी घ्या.

आणि सुरुवातीला सगळा घाट काढायला जाऊ नका. नारोशंकराचं देऊळ, शिखरं, माणसं, पूल, सगळं एका कागदावर आणायचं म्हटलं की हात गळतो. दुतोंड्या मारुती तेवढा काढा. पुरात पाणी किती चढलं ते नाशिककर ज्याच्यावरून सांगतात, तो. उभी आकृती, खाली पाण्यात सावली, पाठीमागे धूसर. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे.

तुमच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते ना? सातला या.

---

गोधडी_ताई

बासरीबद्दल एक राहिलं. आमच्या वॉर्डातले एक मामा बासरी वाजवतात, त्यांना तुमचं विचारलं. ते म्हणाले, मशीनवाल्यांच्या बोटांची टोकं कूलंटने कोरडी आणि कडक होतात, मग भोकं नीट बंद होत नाहीत आणि हवा गळते. टोकाने दाबू नका, बोट सपाट ठेवून पेराच्या मांसल भागाने झाका. आणि महिनाभर सरगम नको, फक्त एक सूर, श्वास पुरेल तितका लांब. त्याला क्लास लागत नाही. शिक्षकाकडे महिन्यातून दोनदा जायचं, सुट्टीच्या दिवशी, असं आधीच बोलून घ्या. कबूल करणारा कोणीतरी मिळतो.

---

टर्नर_अंबड

सात आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला, माफ करा.

काट एकावरही मारली नाही. पण यादी नव्याने लिहिली, दोन रकान्यांत. डावीकडे सुई टोचून ठेवता येणाऱ्या, उजवीकडे न येणाऱ्या. उजवीकडे फक्त तीन निघाल्या. बासरी त्यातली एक, तिला पुढचं वर्ष दिलंय. खोळीतून मात्र काढली. चहा झाला की पाच मिनिटं एक सूर धरतो. मामांना सांगा ताई, पेराने झाकल्यावर हवा गळायची थांबली.

घाटावर दोनदा गेलो. पहिल्या दिवशी ओला_कागद यांची भेट झाली, त्यांनी स्वतःचा अर्धा कागद फाडून दिला. माझ्या मारुतीची सावली त्याच्या अंगापेक्षा लांब झाली. त्यांनी काही न बोलता ब्रश पाण्यात बुडवला आणि सावलीचं टोक ओलं करून हलकंसं पुसलं. ते बघताना जे समजलं ते पुस्तकातून समजलं नसतं. दुसऱ्या वेळची सावली बरी आली आहे.

आता मोडी. ट्रंकेत एकतीस कागद निघाले. वडिलांनी प्रत्येक कागद स्वतः उचलून खिडकीजवळ ठेवला, मला हात लावू दिला नाही. ऊन का नको ते सांगितल्यावर जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पन्नास वर्षं दाखवलं की रे." मी म्हटलं, तुम्ही दाखवलं म्हणून कसर लागली नाही, कागद राहिले तरी. ते खरंही आहे.

बाईंनी सांगितलं तसं आधी आकडे शोधले. एका कागदावर 'सन १३११ फसली' सापडलं. ५९० मिळवून १९०१ आलं. मग 'दिंडोरी' शोधायला तीन दिवस लागले, चहानंतरची वीस-वीस मिनिटं. मी 'डो'ला भलतंच अक्षर समजत होतो. एकदा ते कळल्यावर त्याच कागदावर चार ठिकाणी दिसलं. रात्रपाळीच्या आठवड्यात नुसती मुळाक्षरं गिरवली, नवीन काही घेतलं नाही.

'बिन' मागच्या आठवड्यात मिळालं. अलीकडचं नाव पणजोबांचं, ते आम्हाला माहीत होतं. पलीकडचं नाव माहीत नव्हतं. फक्त तीन अक्षरी. रात्री साडेअकराला कामावरून आल्यावर लागलं ते, आणि मी सकाळ होईपर्यंत थांबलो. सहाला फोन केला. वडिलांनी ते नाव दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "माझा आजा मला याच नावाने हाक मारायचा. मला वाटायचं लाडाने म्हणतो." पुढे बराच वेळ फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, "पुढं काय लिहिलंय?"

बाई, तिथेच अडलोय. तिसऱ्या ओळीचा फोटो टाकतो. 'वीहीर' वाचता आलं, त्याला लागूनच चार अक्षरं आहेत, पहिलं 'ह' वाटतंय. विहिरीचा हिस्सा असं काही असेल का? वडील म्हणतात आमची म्हणून विहीर कधी नव्हतीच. आज रात्री नऊला बघाल का? माझी सेकंड शिफ्ट आहे, साडेअकराला येऊन वाचतो.